ऑपेरा हाउस, दामोदर, गडकरी वगैरे : थेटरं दुरुस्त होतात ती नक्की कोणासाठी?

केळेवाडीकर

मुंबईच्या ऑपेरा हाउसबद्दल कुठेही काही छापून आलं की गोष्ट तीच. कलकत्त्याचा कंपनीवाला मॉरिस बँडमन आणि मुंबईचा पारशी कोळसा दलाल जहांगीर फ्रामजी कराका, 1908 मध्ये दोघांच्या डोक्यात आलं की इथे ऑपेरा हाउस पाहिजे, 1909 ला काम सुरू, 1911 ला पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी आला तेव्हा काम अर्धवट असतानाच उद्घाटन उरकलं, मग हळूहळू सिनेमा घुसला, 1952 ला गोंडलच्या महाराजांनी घेतलं, 1993 ला टाळं, 2016 ला परत सुरू. मध्येमध्ये झुंबरं आणि लाल मखमल. झालं. सगळं खरंय, पण या गोष्टीत मराठी माणूस फक्त समोरच्या फुटपाथवरून चालत जाताना दिसतो.

अहो त्या स्टेजवर बालगंधर्व गायलेत. मास्टर दीनानाथ गायलेत, बापूराव पेंढारकर गायलेत. इंग्रजी लेखात ही नावं एका ओळीत कोंबलेली असतात आणि पुढच्या वाक्यात लगेच संगमरवर. ऑपेरा म्हणजे तरी काय हो, गाण्यातून नाटक, ते आपल्याकडे किर्लोस्कर मंडळीपासून म्हणजे 1880 पासून रात्ररात्रभर चाललंच होतं. बँडमनच्या परदेशी कंपन्या येऊन गेल्या आणि संपल्या, ते घर 'ऑपेरा' हाउस म्हणून जगवलं असेल तर ते आपल्या संगीत नाटकवाल्यांनी, असं माझं स्पष्ट मत आहे.

नूतनीकरण झकास झालंय, त्याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. इमारत वाचली, पण जे लोक तिथे नाटक करायचे आणि जे बघायचे ते परत आले का? आणि जाता जाता मुंबईतल्या बाकीच्या थेटरांचंही लिहा, कोणाचं काय चाललंय ते.

चुनेवाली

मी याच लाइनमध्ये आहे (जुन्या इमारतींची दुरुस्ती), त्यामुळे 'झकास झालंय' याच्या पुढे जाऊन थोडं लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

ऑपेरा हाउसचं काम आभा नारायण लांबा यांनी केलं. मधल्या काळात, 2012 साली, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही ती आली होती. काम किती कठीण होतं ते आत्ता चकचकीत सोनेरी बघून कळत नाही. वीसेक वर्षं बंद असलेली मुंबईतली इमारत म्हणजे काय तर छपराला गळती, भिंतीत पिंपळ, लाकडाला वाळवी. आणि आपल्याकडे अशा इमारतींचा खरा वैरी पाऊस नसतो, सिमेंट असतं. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते, ती ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिला कोणीतरी हौसेने सिमेंटचा गिलावा मारतो, ओल आत कोंडते, मग आतली वीट भुसभुशीत होते आणि गिलावा पोकळ होतो. नखाने टकटक करून बघा, चांगला गिलावा घट्ट बोलतो आणि सुटलेला भद्द वाजतो. साइटवर आम्ही आधी तेच करत फिरतो, खडूने गोल मारत मारत. मग सिमेंट खरवडायचं आणि परत चुना, तोही हळूहळू, एक थर नीट सुकल्याशिवाय दुसरा नाही, म्हणून वर्षं लागतात आणि म्हणून कंत्राटदार रडतो.

दुसरं म्हणजे सिनेमा आला तेव्हा 1930च्या दशकात आतले बॉक्स (वेगळे बसायचे कठडेवाले कप्पे) काढले होते, ते जुने फोटो बघून परत उभे केले. इथे आमच्यातही दोन तट आहेत. काही म्हणतात सिनेमाचे बदल हाही इतिहासच, तो का पुसायचा. मला ऑपेरा हाउसपुरतं तरी त्यांनी केलं ते बरोबर वाटतं कारण बॉक्सशिवाय प्रेक्षागृहाचा तो घोड्याच्या नालेसारखा आकारच कळत नव्हता. बाहेर आल्यावर फॉयेच्या, म्हणजे प्रवेशदालनाच्या, घुमटाकडे मान वर करून बघा, आठ भाग आहेत, कवी-नाटककारांना वाहिलेले. आणि झुंबरं ससून घराण्याकडून आलेली, म्हणजे भायखळ्याच्या त्यांच्या बंगल्यातली, जिथे आता मसीना हॉस्पिटल आहे. 2017 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

विंगेतला_विन्या

घुमट बघा, झुंबर बघा, सगळे वरच बघतात. मी आयुष्यभर बॅकस्टेजला काम केलं, मी खाली बघतो. स्टेजची फळी कशी आहे, विंगेत जागा किती, सेटचा टेम्पो दरवाज्याला लागतो का. नूतनीकरण म्हटलं की पहिला खर्च खुर्च्या आणि फॉये, कारण मंत्री तिथून आत येतात. रंगपटात (नटांच्या मेकअपच्या खोलीत) मात्र तीच ओल, तोच एक आरसा आणि त्याच्या कडेचे अर्धे बल्ब गेलेले. नाव घेत नाही पण एका नाट्यगृहात सगळं नवंकोरं झाल्यावर दिवे लावायला गेलो तर बॅटन (दिवे-पडदे टांगायची दांडी) अर्ध्यातच अडकला, खाली येईचना. वर बघतो तर फॉल्स सिलिंगवाल्याने दोर जायच्या जागेतच पट्टी ठोकलेली. पहिली घंटा झाली तरी आम्ही शिडीवर. पब्लिकला काय, पडदा वर गेला की खुश.

दुहेरी प्रयोग असला की दुपारचं नाटक सुटल्यापासून रात्रीच्या पहिल्या घंटेपर्यंत एक सेट उतरवून दुसरा चढवायचा असतो. तिथे जिना अर्धा फूट अरुंद असला तरी फ्लॅट (सेटची भिंत) आडवा होत नाही, मग तो कापायचा आणि वर जाऊन परत जोडायचा. आर्किटेक्ट लोकांनी एकदा तरी आमच्याबरोबर सोफा उचलून बघावा ही विनंती. चुनेवाली ताई, तुम्हाला उद्देशून नाही हां :)

चुनेवाली

माझ्यावर घेतलं तरी चालेल, मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. बैठक सुरू होते तेव्हा समोर मालक असतो, महापालिका असते, हेरिटेजवाले असतात, अग्निशमनवाले असतात. स्टेजवाला कोणीच नसतो.

माहीमचे_आजोबा

उत्तम धागा. केळेवाडीकर, ऑपेरा हाउसच्या मराठी इतिहासात सर्वात मोठी गोष्ट तुम्ही विसरलात. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचं संयुक्त मानापमान तिथेच झालं होतं ना, टिळक स्वराज्य फंडासाठी. आमचे आजोबा त्या गर्दीचं वर्णन करायचे.

नाट्यवेडा_दादर

आजोबा, ते ऑपेरा हाउसला नाही, ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरला झालं. 8 जुलै 1921. आणि त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव गेले, म्हणून त्या प्रयोगाला एवढं वलय. दोन कंपन्यांचे दोन राजे एका स्टेजवर, कोणाला वन्स मोअर जास्त मिळाला यावरून लोक पुढे कित्येक वर्षं भांडत होते म्हणे.

ग्रँट रोडचा पट्टा हाच खरा मुंबईचा नाटकाचा पट्टा होता. 1846 ला तिथे जगन्नाथ शंकरशेटांच्या जागेवर थेटर उभं राहिलं, विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून येऊन 1853 मध्ये खेळ केले ते तिथेच. आज त्यातलं काय राहिलंय? तुमचं ऑपेरा हाउस निदान 1995 च्या हेरिटेज नियमांपर्यंत उभं तरी राहिलं. त्याआधी जे पडलं ते पडलं, कोणाला विचारायचीही गरज नव्हती. काळबादेवीची भांगवाडी आठवा, गुजराती रंगभूमीचं केवढं ठिकाण, आता दारावरचा हत्ती तेवढा आहे आणि आत दुकानं.

हिशेबी

भावना ठीक पण जरा आकडेमोड करूया का. ऑपेरा हाउसला खुर्च्या 575. समजा सरसकट 500 रुपये तिकीट लावलं आणि एकही पास न देता हाउसफुल्ल झालं (हसू नका) तर गल्ला 2,87,500. त्यातून हॉलचं भाडं, लाइट-साउंड, सेटचा टेम्पो, नटांची नाइट (प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेज, जाहिरात. पेपरातल्या जाहिरातीने कंबरडं मोडतं ते वेगळंच. आता निर्माता हा हिशेब दादरच्या शिवाजी मंदिर किंवा पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहासाठी करेल का ऑपेरा हाउससाठी? महापालिकेच्या नाट्यगृहात मराठी नाटकाला सवलतीचं भाडं असतं. ऑपेरा हाउस खाजगी आहे, ज्यांनी स्वतःच्या खिशातून एवढं काम केलं ते सवलत कुठून देणार आणि का द्यावी? म्हणून तिथे मैफली, फेस्टिव्हल, कॉर्पोरेट. यात कोणी व्हिलन नाही. उद्घाटनाला पॅट्रिशिया रोझारिओंचं गाणं झालं, मुंबईत जन्मलेली ऑपेरा गायिका, ते त्या घराला शोभूनही दिसलं.

आणि प्रेक्षक कुठे राहिलाय ते बघा. गिरगावातला मराठी माणूस कधीच डोंबिवली-बोरिवली-वसईला गेला. रविवारी दुपारी तो बोरिवलीच्या प्रबोधनकारला किंवा डोंबिवलीच्या फुले नाट्यगृहात जाईल, चर्नी रोडला कशाला उतरेल?

केळेवाडीकर

हिशेबी, उतरेल हो. आम्ही अजून इथेच आहोत की थोडे, सगळ्यांना वसईला पाठवू नका. आणि साहित्य संघ मंदिर कुठे आहे? चर्नी रोडलाच, केळेवाडीत. 1964 पासून. आधी तर तिथे उघड्यावर नाटकं व्हायची. त्या नाट्यगृहामागे ध्यास डॉ. भालेरावांचा, त्या रस्त्याला आता त्यांचं नाव आहे. ऑपेरा हाउसपासून ते चालत जायच्या अंतरावर आहे, पण एकीकडे वेबसाइटवर फोटो शूटचे दर आणि दुसरीकडे चांगल्या प्रयोगालाही अर्धा हॉल रिकामा. एकाच भागात दोन थेटरं, एक नटूनथटून आणि एक अंगावरच्या कपड्यावर. मला खुपतं ते हे. ऑपेरा हाउस सजलं म्हणून नाही, संघाकडे कोणी बघत नाही म्हणून.

परळ_गिरणगाव

साहित्य संघ निदान उभा आहे. आमचं दामोदर बोला.

1922 चं नाट्यगृह. सोशल सर्व्हिस लीगचं, म्हणजे ना. म. जोशींनी 1911 ला काढलेली संस्था, कामगारांसाठी रात्रशाळा वाचनालयं असलं काम करणारी, त्यांचंच दामोदर. म्हणजे ऑपेरा हाउस राजासाठी सजलं आणि अकरा वर्षांत परळला गिरणी कामगारांसाठी थेटर उभं राहिलं, दोन्ही एकाच शहरात, पण लेख फक्त पहिल्यावर. आमच्या चाळीतले लोक पाळी सुटली की तालमीला. साचेवाल्याचा मुलगा राजा व्हायचा आणि जॉबर (खात्यातला मुकादम) प्रधान, गिरणीत उलटं. लाडके नट तर इतके की तिकीट काढून बघणारे अर्धे त्याच खात्यातले, स्टेजवर चुकला तर दुसऱ्या दिवशी खात्यात हुर्यो. कोकणातली नमनं, दशावतार, शक्ती-तुरा, गावाकडची मंडळं मुंबईत आली की आधी दामोदरची तारीख मिळते का बघायची. ती बाल्कनी आणि तो पंख्यांचा आवाज. एसीबिसी नंतर.

2023 च्या शेवटी पुनर्विकासासाठी बंद झालं. मग शाळा आधी की नाट्यगृह आधी, तेवढंच मोठं देणार का लहान, यावरून कलाकार मंडळी रस्त्यावर आली, पेपरात सगळं येऊन गेलंय, मी परत उगाळत नाही. शाळा नको असं कोणीच म्हणत नाही, माझी स्वतःची बहीण तिथे शिकली. पण नमनवाल्या मंडळाला तारीख घ्यायला शिवाजी मंदिर परवडत नाही आणि ऑपेरा हाउस तर विचारूच नका. दामोदर बंद म्हणजे त्यांचा मुंबईतला प्रयोगच बंद. केळेवाडीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे घ्या, थेटर कोणासाठी ते बंद झाल्यावर कळतं.

रंकाळा_टू_मुलुंड

दामोदरवरून आमच्या कोल्हापूरचं आठवलं. वर केशवराव भोसल्यांचं नाव निघालंच आहे. त्यांच्या नावाचं नाट्यगृह, शाहू महाराजांनी 1915 ला बांधलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर, शेजारीच खासबाग मैदान. एकीकडे गाणं आणि भिंतीपलीकडे कुस्ती, महाराजांना दोन्ही लागायचं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आग लागली आणि छप्पर खाली आलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी मुलुंडला बसून फोनवर व्हिडिओ बघत होतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याच स्टेजवर पडद्यामागे उभा राहून घाम फुटला होता मला, पुढचं काही बघवेना.

आणि लक्षात घ्या, त्याचंही नूतनीकरण काही वर्षांपूर्वीच झालेलं होतं. म्हणून चुनेवाली ताईंना विचारायचंय की लाकडी छपराच्या जुन्या थेटरात आगीचं काय करतात? नुसते लाल सिलिंडर टांगून भागतं का?

चुनेवाली

नाही भागत. कोल्हापूरच्या आगीचं कारण काय यात मी पडत नाही, जनरल सांगते. थेटर म्हणजे आगीला पाहिजे ते सगळं एका खोलीत, कोरडं लाकूड, कापड, गरम दिवे, आणि वरपर्यंत मोकळी पोकळी म्हणजे धुराडंच. म्हणून स्टेज आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये आगरोधक पडदा, स्टेजच्या वर धूर बाहेर जायला झडपा, पडद्यांना आग न धरणारा लेप (तो धुतला की जातो, परत द्यावा लागतो, हे कोणी करत नाही), आणि वायरिंग पूर्ण नवी. पूर्ण. जुन्या वायरीवर नवे एसी चढवणे हा आपला राष्ट्रीय उद्योग आहे. खुर्च्या दिसतात म्हणून बदलतात, वायर भिंतीत असते म्हणून राहते.

गोरेगावची_मावशी

तुम्हा सगळ्यांच्या चर्चेत एक विषय कसा आला नाही याचं नवल वाटतंय. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. बायकांच्या टॉयलेटची रांग जिन्यापर्यंत. नाटकाला येणाऱ्यांत बायका जास्त आणि संडास निम्मे. तिसरी घंटा होते तेव्हा मी अजून चौथ्या नंबरवर असते आणि आत दुसरा अंक सुरू झालेला. करोडोंचं नूतनीकरण म्हणतात आणि कडी लागत नाही, पर्स अडकवायला खिळा नाही. माझ्या मते थेटरचा दर्जा इथे ठरतो, घुमटावर नाही.

विंगेतला_विन्या

मावशींना स्टँडिंग ओव्हेशन. आमच्या नट्यांनाही तेच, रंगपटाला लागून टॉयलेट नसेल तर नऊवारी सावरत प्रेक्षकांतून जायला लागतं.

नाट्यवेडा_दादर

आवाजाचं कोणी बोललं नाही. ऑपेरा हाउसला मी एका शास्त्रीय मैफलीला सर्वात वर बसलो होतो, माइक होते पण अगदी मंद, तंबोऱ्याची जव्हारीसुद्धा वरपर्यंत येत होती. तेच बिनमाइकचं संगीत नाटक तिथे झालं तर काय होईल याचा विचार करून काटा आला. ठाण्याचं गडकरी आणि प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर दोन्ही 2025 मध्ये नव्याने उघडली, तिथे आवाज आता कसा आहे कोणी सांगेल का?

चुनेवाली

बिनमाइकचं का चालेल ते सांगते. नालेच्या आकारात प्रेक्षक एकावर एक थरात बसतात, त्यामुळे शेवटचा माणूसही स्टेजपासून फार लांब नसतो. भिंतीवरची ती सगळी नक्षी, बॉक्सचे कठडे, वेलबुट्ट्या यांच्यावर आवाज आपटून विखुरतो, सपाट भिंतीसारखा एकदम फेकला जात नाही. बोलण्यासाठी आवाजाचा रेंगाळ साधारण एक सेकंद बरा, त्याहून वाढला की शब्द एकमेकांत घुसतात, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला मात्र दोन सेकंदांपर्यंत लागतो. ऑपेरा यांच्या मधला, आणि आपलं संगीत नाटकही मधलंच, पदही ऐकू यायला पाहिजे आणि संवादही. म्हणजे केळेवाडीकरांचं ते घर कोणी जगवलं वगैरे म्हणणं भिंतींच्या हिशेबानेही अगदीच चूक नाही.

एसीचा घुं आवाज मात्र सगळं घालवतो. गडकरीला आणि रवींद्रला मी नूतनीकरणानंतर गेलेले नाही, गेलेल्यांनी लिहा.

ठाण्याचा_पोपट

गडकरीला जाऊन आलो. 1978 चं थेटर, आमचं सगळं कॉलेज त्याच्या पायऱ्यांवर गेलं, त्यामुळे मी न्यायाधीश म्हणून बाद. खुर्च्या मस्त, गुडघे लागत नाहीत. आवाज मागच्या रांगेत व्यवस्थित. तलावपाळीला पार्किंग पूर्वी नव्हतं, आताही नाही. तिथल्या वड्याबद्दल वेगळा धागा काढा, इथे भांडणं होतील.

हिशेबी

परळकरांच्या पोस्टवर थोडा विचार केला. माझा हिशेब निर्मात्याचा होता, मंडळाचा नव्हता. एक सुचवतो, ऑपेरा हाउसला रविवार संध्याकाळ कोणी स्वस्तात देणार नाही, पण आठवड्यातल्या अधल्यामधल्या सकाळी तर हॉल रिकामाच असणार ना. चार-पाच संस्थांनी मिळून वर्षातून एकदा संगीत नाटकांचा महोत्सव केला, प्रायोजक पकडला, बिनमाइकचे प्रयोग म्हणून जाहिरात केली तर जमू शकतं. बिनमाइक ही गोष्ट विकली जाते आजकाल. नमनालाही एक दिवस ठेवा.

परळ_गिरणगाव

नमन झुंबराखाली! मृदंगवाला खुश होईल. पण सकाळी नको, नमन रात्रीचंच, आणि आमची माणसं कामावर असतात.

केळेवाडीकर

हिशेबी, हे आवडलं. संघातले दोघे ओळखीचे आहेत, त्यांच्या कानावर घालतो. ऑपेरा हाउसजवळचा हिरे बाजार 2010 पासून वांद्र्याच्या बीकेसीला गेल्यामुळे तो भाग रात्री पूर्वीसारखा तुंबलेला नसतो, आणि आता गिरगावला मेट्रोपण आलीये, त्यामुळे वसईकरांनी चर्नी रोडलाच उतरलं पाहिजे असंही नाही.

विंगेतला_विन्या

सगळं ठरवा, तारीख कळवा, फुकट येतो कामाला. फक्त आधी कोणीतरी जाऊन मागच्या दरवाज्याची उंची मोजून आणा. दरबाराच्या सेटला खांब येतात, ते झोपवून आत गेले पाहिजेत. आणि टेम्पो रात्री लावायचा तर मागच्या गल्लीत नो पार्किंग आहे का तेही बघा, मागे एकदा दुसऱ्या थेटरला महालाच्या तीन भिंती रस्त्यावर ठेवून आम्ही दंड भरत बसलो होतो.